भुई की छप्पर? खानदेशातील लहान कारखान्यांच्या जमिनीचा प्रश्न

खानदेशात लहानसा कारखाना काढणाऱ्या मनुष्यापुढे, मग तो जळगावच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याच्या शेडखाली लेथ चालवीत असो, धुळ्यात चार माग टाकून बसलेला असो, किंवा अमळनेर-चाळीसगावच्या बाजूस घराच्या पडवीतच रंधा मारणारा सुतार असो, वीज, भांडवल आणि गिऱ्हाईक या तीन चिंतांच्या जोडीला एक चौथी चिंता न बोलावता येऊन बसते, आणि ती म्हणजे पायाखालच्या जमिनीची. पौषातल्या पहाटे ही जमीन पायांना चावते. वैशाखातल्या दुपारी तिच्यातूनच धग वर येत असावी असा भास होतो. श्रावणात तिला ओल फुटून हत्यारांवर गंज चढतो. आणि खाली काळी माती असेल तर दोन-तीन पावसाळ्यांत तिचा कोबा मध्येच फुगून वर येतो व कडेला भेगा पडतात. या चारही दुखण्यांवर एकच मात्रा म्हणून अलीकडे जमिनीखाली थर्माकोलचे तक्ते घालण्याची शिफारस सर्रास ऐकू येते. ज्यांनी परदेशी पुस्तके चाळली आहेत किंवा मोबाइलवर विलायती कारागिरांच्या चित्रफिती पाहिल्या आहेत, अशा हौशी मंडळींकडून ती अधिक आग्रहाने येते. शिफारस सद्हेतूची आहे. परंतु ज्या प्रदेशासाठी ती जन्मली तो प्रदेश तापीच्या खोऱ्यापासून केवळ अंतरानेच दूर नाही, हे शिफारस करणाराच्या ध्यानी येत नाही. या लेखात त्या प्रश्नाची सर्व अंगे तपासावयाची आहेत, आणि आमचे मत लपवून ठेवण्याचे प्रयोजन नसल्यामुळे ते आरंभीच नमूद करतो: खानदेशातील बहुतेक कारखान्यांत जमिनीखाली उष्णतारोधक थर घालणे हा अनाठायी खर्च आहे, आणि कित्येक ठिकाणी तो उघड तोट्याचा आहे.

इंग्लंड, स्वीडन, कॅनडा यांसारख्या देशांत जमिनीखाली असा थर घालण्याची जी रीत रूढ झाली, तिच्यामागे पक्के कारण आहे. त्या देशांत खोल जमिनीचे तापमान वर्षभर दहा अंशांच्या आगेमागे किंवा त्याहूनही कमी असते, आणि माणसाला खोलीत वीस अंशांची ऊब हवी असते. सबब इंधन जाळून मिळविलेली ऊब सहा-सहा महिने जमिनीत, विशेषतः भिंतीलगतच्या कडांतून, झिरपत राहते. ती अडविणे म्हणजे इंधनाचा पैसा वाचविणे. तेथील जुन्या घरांत तर लाकडी तुळयांवर फळ्या ठोकून केलेली अधांतरी जमीन असते. तिच्याखालची पोकळी कोरडी राहावी म्हणून पायाच्या भिंतीला हवेची भोके ठेवलेली असतात, आणि त्या भोकांतून शिरलेला गार वारा फळ्यांच्या सांध्यांतून घरात येतो. त्या फटी बुजविणे, तुळयांच्या मधे लोकर किंवा तत्सम पदार्थ भरणे, पण हवेची भोके मात्र मोकळी ठेवून लाकूड कुजू न देणे, असे एक संपूर्ण शास्त्रच तिकडे तयार झाले आहे. ते त्यांच्या गरजेला पुरते आहे. आपली गरज मात्र अशी नाही.

सूर्याची ऊब जमिनीत शिरते ती फार सावकाश, आणि जसजशी खोल जाते तसतशी मंदावत जाते. दिवस आणि रात्र यांच्यातला चढउतार दीड-दोन फुटांखाली जवळजवळ पोहोचतच नाही. वर्षाच्या ऋतूंचा चढउतार त्याहून खोल जातो, तरी दहा फुटांवर तो मध्यमानाच्या दोन अंश वर आणि दोन अंश खाली एवढाच उरतो, आणि तोही अडीच-तीन महिने उशिराने. हे मध्यमान त्या ठिकाणच्या हवेच्या वार्षिक सरासरीच्या जवळपास असते, आणि जळगाव-धुळ्याकडे ही सरासरी २७ अंशांच्या आसपास पडते. आता या आकड्याशेजारी वर्षाचे हवामान मांडून पाहावे. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो, आणि डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडची पहाट आठ-दहा अंशांवर, एखाद्या वर्षी त्याहूनही खाली उतरते. म्हणजे उन्हाळ्यात जमीन हवेपेक्षा पुष्कळ थंड, आणि हिवाळ्याच्या रात्री पुष्कळ उबदार. जी भुई वैशाखात उष्णता पिऊन घेते आणि पौषात थोडीथोडी परत करते, तिच्याशी असलेला संबंध पदरचे पैसे खर्चून तोडण्यात शहाणपण कोणते?

ही गोष्ट आपल्या पूर्वजांना आकड्यांवाचून ठाऊक होती. जळगावहून दोन तासांच्या अंतरावर असलेल्या अजिंठ्याच्या लेण्यांत भर उन्हाळ्यात शिरणाऱ्या प्रत्येकाने तिचा अनुभव घेतला आहे. डोंगराच्या पोटातला तो गारवा जमिनीच्याच मध्यमानाचा गारवा आहे. हातमागाच्या काळात विणकर जमिनीत खड्डा खणून त्यात पाय सोडून बसत असे, आणि त्या खड्ड्याचे प्रयोजन केवळ पावड्या हलविण्यापुरते नव्हते. जमिनीलगतची किंचित दमट, थंड हवा सुताला मिळावी आणि कोरड्या झळांनी ते तटातट तुटू नये, हाही हेतू त्यात होता. यंत्रमाग आले तेव्हा खड्डा गेला, आणि आता तीच दमटी आणण्यासाठी पाण्याचे फवारे मारावे लागतात.

येथे चाणाक्ष वाचक हरकत घेईल की, जमीन जर हिवाळ्यात हवेहून उबदार, तर मग पौषात पाय का गारठतात? हरकत रास्त आहे, आणि तिच्या उत्तरातच पुष्कळसा खर्च वाचविण्याची किल्ली आहे. पायाला जाणवते ते जमिनीच्या पोटातले तापमान नव्हे. रात्रभर गार हवेने निवलेल्या पृष्ठभागाचे तापमान जाणवते, आणि त्याहूनही अधिक जाणवतो तो त्या पृष्ठभागाचा ऊब ओढून घेण्याचा वेग. शहाबादी फरशी आणि सागवानी फळी एकाच खोलीत, एकाच तापमानाला ठेवल्या तरी फरशी थंड लागते आणि फळी लागत नाही. कारण दगड घन असतो, उष्णता झपाट्याने वाहून नेतो, आणि तळव्याची ऊब पाहता पाहता आत खेचतो, तर लाकूड तिला वाट देत नाही. काँक्रीट लाकडाहून सुमारे दहापट उष्णतावाहक आहे. सारवलेली भुई कोब्याहून उबदार लागे ती याच न्यायाने. माती, भुसा आणि शेण यांच्या त्या थरात हवेचे असंख्य सूक्ष्म कप्पे असत, आणि स्थिर हवेइतका स्वस्त व उत्तम उष्णतारोधक दुसरा नाही. तात्पर्य, पायाचा गारठा हा पृष्ठभागाचा प्रश्न आहे, आणि तो पृष्ठभागावरच सोडविता येतो. चार इंच काँक्रीटच्या खाली घातलेल्या तक्त्याचा त्या तळव्याला सकाळच्या पहिल्या प्रहरात काडीचाही उपयोग होत नाही.

मग पृष्ठभागावर काय घालावे? याचे उत्तर धंद्याप्रमाणे बदलते, आणि ते सरसकट देण्याचा मोह टाळला पाहिजे. सुताराने, शिंप्याने, मोटारीचे सुटे भाग जुळविणाऱ्याने जेथे तो तासन्‌तास उभा राहतो किंवा बसतो तेवढ्याच जागेपुरते फळ्यांचे बैठे मचाण करावे. मालाच्या पेट्यांबरोबर येणारी जुनी लाकडी पॅलेटे भंगार बाजारात मिळतात, त्यांच्या फळ्या काढून, रंधून, दीड-दोन इंचांच्या पट्ट्यांवर ठोकल्या की खाली हवेचा थर आपोआप राहतो, आणि उन्हाळ्यात ते उचलून भिंतीशी उभे करता येते. जळगाव हे प्लॅस्टिकच्या चटयांचे गाव आहे, आणि दुहेरी चटई खाली गोणपाट घालून अंथरली तर बैठ्या कामाला ती पुरते; मात्र वेल्डिंगच्या, कटिंगच्या किंवा तापल्या लोखंडाच्या आसपास तिला थारा देऊ नये. लेथ, ड्रिल, पीठगिरणी यांसारखी यंत्रे कोणत्याही मऊ थरावर बसवू नयेत. त्यांचा पाया थेट घट्ट जमिनीत गेला पाहिजे, एरवी कंपनाने यंत्राची सरळ रेषा बिघडते. आणि सराफ बाजारातील सोनाराच्या कारागिराची गोष्ट तर सर्वस्वी निराळी. त्याच्या जमिनीवर सोन्याचा कीस पडतो, तो झाडून जपून ठेवला जातो, आणि झारेकरी त्या केरातून सोने काढतो. अशा जागी भेगाळ भुई, गालिचा, चटई, फळ्यांच्या फटी हे सारे नुकसानीचे धनी. त्याला गुळगुळीत, सांधाविरहित कोबाच हवा, आणि पायांचा गारठा त्याने स्वतःच्या बैठकीखाली गादी घालूनच निवारावा. गालिचा विकणाऱ्याने हा हिशेब त्याला सांगितलेला नसतो.

ऊब-गारठ्यापेक्षा खानदेशात जमिनीचा खरा वैरी आहे ती काळी माती. जी कापसाला आणि केळीला वरदान, तीच बांधकामाला संकट. पाणी शोषले की ती फुगते, सुकली की आक्रसते, आणि उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच आक्रसण्याच्या खुणा होत. या मातीवर थेट कोबा टाकणाऱ्याच्या कारखान्यात असे घडते की, पावसाळ्यात भिंतीलगतची माती भिजून कडा उचलल्या जातात, मधला भाग कोरडा राहून खाली बसतो, आणि पुढल्या उन्हाळ्यात नेमके उलटे होऊन कोब्याला आडव्या-उभ्या चिरा जातात. त्या चिरांतून ओल येते, मुंग्या येतात, वाळवी येते. अशा जमिनीखाली थर्माकोल घातला तरी माती त्यालाही उचलते. तक्ता दबतो, वरचा कोबा पोकळ होतो आणि जड वस्तू ठेवताच फुटतो. म्हणून ज्याच्याजवळ पैसा थोडा आहे त्याने तो प्रथम येथे घालावा.

उपाय जुना आणि निर्विवाद आहे. काळी माती खणून बाहेर काढावी आणि तिच्या जागी मुरूम भरावा. किती खोल, याविषयी गवंडी आणि अभियंते यांच्यात मतभेद आहेत. मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतील प्रा. आर. के. कट्टी यांनी फुगीर मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर घालण्याची जी पद्धत अभ्यासपूर्वक मांडली, ती पुढे काळ्या मातीतल्या कालव्यांच्या कामांत वापरली गेली, आणि तिच्यात थराची जाडी मीटरभरापर्यंत धरली जाते. लहान शेडच्या मालकाला एवढे परवडत नाही, आणि त्याच्या हलक्या ओझ्याला दोन-अडीच फूट खोदाईवर भागविण्याचा प्रघात आहे. २० फूट लांब व १५ फूट रुंद शेड धरली तर तिची जमीन ३०० चौरस फुटांची. अडीच फूट भरावाला ७५० घनफूट, म्हणजे साडेसात ब्रास मुरूम लागतो. तो एकदम लोटून देऊ नये. सहा-सहा इंचांचे थर पसरून, पाणी मारून, धुम्मसाने ठोकून घ्यावा, कारण न ठोकलेला भराव हा पुढच्या भेगांचा आगाऊ करार आहे. त्यावर दगडी सोलिंग, त्याच्या फटींत बारीक मुरूम किंवा वाळू, आणि वर चार इंचांचे एकास चार, आठ प्रमाणाचे काँक्रीट. याला एक ब्रास माल आणि सुमारे दहा गोण्या सिमेंट पुरते. शेवटी कोब्याचा किंवा फरशीचा थर.

परंतु आत कितीही चांगले काम केले आणि बाहेर छपराचे पाणी भिंतीच्या पायथ्याशी पडत राहिले, तर सारे व्यर्थ. जोत्याभोवती तीन-चार फूट रुंदीची, बाहेर उतार दिलेली पक्की पट्टी करणे, छपराला पन्हळ लावून पाणी दूर नेणे, आणि भिंतीला खेटून झाडे न लावणे, या तीन गोष्टींनी पायाखालच्या मातीतील ओल वर्षभर सारखी राहते. आणि ओल सारखी राहिली की काळी माती निरुपद्रवी होते. ही पट्टी उष्णतेच्या दृष्टीनेही उपकारक आहे, कारण बाहेरची ओली-कोरडी होणारी, उन्हाने भाजणारी माती भिंतीच्या कडेपासून दूर ढकलली जाते. कंत्राटदार ती बहुधा अंदाजपत्रकातून प्रथम गाळतो.

ओलीची बाब थोडक्यात आटोपता येते. खानदेशात पाऊस बेताचा, धुळ्याकडे ६०० मिलिमीटरच्या आणि जळगावकडे ७०० च्या आसपास, तरी मातीतून केशाकर्षणाने चढणारी ओल त्याच्या प्रमाणात असतेच असे नाही. काँक्रीट ओतण्यापूर्वी सोलिंगवर वाळूचा पातळ थर देऊन त्यावर २५० मायक्रॉन जाडीचा प्लॅस्टिकचा कागद, सांध्यांवर फूटभर चढवून आणि भिंतीलगत वर वळवून अंथरला की काम झाले. एकूण खर्चात ही रक्कम किरकोळ, पण नंतर तोच कागद घालावयाचा तर सबंध जमीन उकरावी लागते. डाळ मिलमध्ये, कापडाच्या गुदामात, हत्यारांच्या खोलीत याला फाटा देऊ नये.

भरावात उष्णतारोधक म्हणून स्थानिक टाकाऊ जिन्नस वापरण्याच्या सूचना वारंवार येतात: भुईमुगाची टरफले, पऱ्हाटीचे तुकडे, लाकडाचा भुसा, केळीचे वाळलेले खुंट. सूचना ऐकावयास गोड आहेत. प्रत्यक्षात हे सर्व पदार्थ सेंद्रिय. जमिनीच्या संपर्कात ते ओल धरतात, कुजतात, दबतात आणि वाळवीला आमंत्रण देतात, आणि घुशी तर त्यांना वसतिगृहच समजतात. भुसा कोरडा असताना खरोखर उत्तम रोधक आहे. ओला झाला की त्याचा गुण जातो आणि दुर्गुण तेवढे राहतात. त्यांपेक्षा भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक विद्युत केंद्राची राख या कामाला कितीतरी बरी. ती कुजत नाही, तिला वाळवी लागत नाही, आणि भट्टीच्या तळाची जाडसर राख हलकी व सच्छिद्र असल्यामुळे काँक्रीटहून कमी उष्णतावाहक असते. राखेच्या विटा तर सर्वत्र झाल्याच आहेत. मात्र राख कोरडी उडते, तेव्हा भरताना पाणी शिंपडून, तोंडाला फडके बांधूनच भरावी. थर्माकोलविषयी आणखी एक इशारा देणे कर्तव्य आहे: तो पेटतो, वितळून टपकतो आणि काळा विषारी धूर सोडतो. काँक्रीटखाली तो सुरक्षित असतो, परंतु पैसा वाचविण्यासाठी शेडच्या भिंतीला किंवा पत्र्याच्या खाली उघडा चिकटविलेला थर्माकोल आणि खाली वेल्डिंगच्या ठिणग्या, हे दृश्य आपल्या वसाहतींत दुर्मिळ नाही. कापसाचे तंतू जेथे हवेत उडतात तेथे तर असा आततायीपणा अक्षम्य होय.

आता फटींतून येणाऱ्या वाऱ्याचा विचार. थंड देशांत ही बाब केवळ हिवाळ्याची. खानदेशात ती बारमाही आहे, आणि म्हणूनच तिच्यावर घातलेला पैसा दुप्पट फळ देतो. पौषात सातपुड्याकडून उतरणारा बोचरा वारा आणि वैशाखात पश्चिमेकडून येणाऱ्या झळा, दोघेही त्याच फटीतून शिरतात, आणि येताना धूळ आणतात ते वेगळेच. सर्वांत मोठी गुन्हेगार म्हणजे शटरखालची फट. नऊ फूट रुंदीच्या शटरखाली अर्धा इंच जागा राहिली, तर हिशेबाने ती ५४ चौरस इंचांची होते. म्हणजे भिंतीला सव्वासात इंच लांब आणि तितकेच रुंद भगदाड पाडून ठेवल्यासारखे झाले. एवढे भोक भिंतीत दिसले असते तर मालकाने त्याच दिवशी गवंडी बोलाविला असता. उपाय अगदी स्वस्त आहेत. शटरच्या तळपट्टीला जुन्या पट्ट्याचे किंवा टायरट्यूबचे रबर रिबिटाने ठोकावे. कोब्याला शटरच्या रेषेत अर्धा इंच उंच उंबरठा द्यावा, त्याने पावसाचे पाणीही अडते. आणि तेवढेही न जमल्यास वाळू भरलेली कापडी सुरळी आतून लावून ठेवावी. पत्रा आणि भिंत यांच्या मधल्या पन्हळीच्या पोकळ्या हे दुसरे ठिकाण; त्या चुना-मातीच्या लगद्याने किंवा काथ्या ठोकून बुजविता येतात. तिसरे ठिकाण जमीन आणि भिंत यांचा सांधा. तेथे कोब्याची गोलाई भिंतीवर तीन-चार इंच चढवावी, म्हणजे धूळ, झुरळ आणि वारा तिघांचीही वाट बंद होते.

मात्र फटी बुजविणे म्हणजे कारखाना गच्च बंद करणे नव्हे, आणि या मुद्द्यावर आम्ही जरा रेंगाळणार आहोत, कारण येथे जिवाचा प्रश्न आहे. जेथे रंग मारला जातो, वेल्डिंग होते, बॅटऱ्या चार्ज होतात किंवा डिझेलचे इंजिन चालते, तेथे हवेची ये-जा हक्काने हवी. हिवाळ्यात सर्व फटी बुजवून आत कोळशाची शेगडी पेटवून बसणे तर प्राणघातक आहे. कोळशाचा वायू नाकाला कळत नाही, डोळ्यांना दिसत नाही, आणि मनुष्य पेंगता पेंगता जातो. म्हणून अनावर फटी बंद कराव्यात आणि त्यांच्या जागी स्वाधीन झरोके ठेवावेत, ही खरी रीत. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे दिवस आणि रात्र यांच्या तापमानांत पंधरा-सोळा अंशांचे अंतर असते. रात्रभर वरचे झरोके आणि खालच्या खिडक्या उघड्या ठेवून जमीन व भिंती थंड करून घ्याव्यात, आणि सकाळी आठ-नऊच्या सुमारास सर्व बंद करावे, म्हणजे रात्रीचा गारवा दुपारपर्यंत पुरतो. या व्यवस्थेत उघडी, जड, थेट मातीवर टेकलेली जमीन हीच थंडीची साठवण असते. तिच्याखाली थर्माकोल घातला की साठवण एकदम उथळ होते. कूलर वापरणारांनी तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कूलर बाहेरची हवा ओली करून आत ढकलतो, आणि ती बाहेर पडावयास समोरच्या बाजूस मोकळी वाट नसेल तर तासाभरात आत दमट घुसमट होते. फटी बुजवा आणि कूलर लावा, असा दुहेरी सल्ला देणाराने हवेने जावे कोठून, तेही सांगावे.

इतके सांगून झाल्यावर छपराकडे वळले पाहिजे, कारण उन्हाळ्यात जमीन तापल्याची जी तक्रार येते तिचा मूळ आरोपी छप्पर आहे. वैशाखात दुपारी बाराच्या सुमारास प्रत्येक चौरस मीटरवर ९०० वॅटच्या आसपास ऊन पडते. वर घेतलेल्या ३०० चौरस फुटांच्या शेडचे छप्पर २८ चौरस मीटरचे. म्हणजे त्यावर हजार वॅटच्या पंचवीस शेगड्या एकदम पेटविल्या असाव्यात एवढी उष्णता ओतली जात असते. जुना, गंजलेला पत्रा तिचा मोठा भाग शोषून साठ-पासष्ट अंशांवर जातो आणि खाली माणसांवर, यंत्रांवर आणि जमिनीवर तिचा वर्षाव करतो. जमीन तापते ती वरून. तिच्याखाली रोधक घालणे म्हणजे वरून येणारी उष्णता मातीत मुरण्याची एकमेव वाटही बंद करणे.

खानदेशातील जुनी वस्ती या बाबतीत शहाणी होती. धाब्याच्या घरात जाड मातीच्या भिंती, त्यांवर लाकडी सर आणि कड्या, त्यांवर फळ्या किंवा काटक्यांचा थर, आणि सर्वांवर खाऱ्या मातीचा जाड थर ठोकून बसविलेला असे. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी त्यावर नवी माती पडे. दुपारची उष्णता तो थर भेदून खाली येईपर्यंत संध्याकाळ होई, आणि तोवर माणसे धाब्यावर झोपावयास गेलेली असत. पंजाबाकडच्या अशाच मातीच्या छपराला भारतीय मानक संस्थेने २११५ क्रमांकाचे स्वतंत्र मानक दिले आहे. तेव्हा ही केवळ गावंढळ रीत म्हणून तिची बोळवण करता येणार नाही. अर्थात, शेडच्या पत्र्यावर धाब्याचे ओझे टाकता येत नाही, आणि दरवर्षी माती चढविणारी माणसेही आता मिळत नाहीत.

पण पत्र्याला चुना लावता येतो. अहमदाबाद महानगरपालिकेने २०१० च्या भीषण उष्णतेनंतर २०१३ मध्ये जी उष्णता कृती योजना आखली, तिच्या पुढल्या टप्प्यांत गरीब वस्त्यांची छपरे पांढरी करण्याचा कार्यक्रम घेतला गेला. आणि जे अहमदाबादच्या उन्हाला लागू ते भुसावळच्या उन्हाला लागू नसावे असे कोणतेच कारण नाही. फाल्गुनात विरलेल्या चुन्याचे दोन हात, त्यात डिंक किंवा सरस मिसळून, पत्र्यावर द्यावेत. नुसता चुना पत्र्यावर फार टिकत नाही, आणि मिसळ करूनही पावसाळ्यात तो बराचसा धुऊन जातो. यास दोष म्हणून नाक मुरडणाराने हे पाहावे की, हिवाळ्यात छपरावरचे ऊन आपल्याला हवेच असते. तेव्हा जून-जुलैत आपोआप निघून जाणारा आणि पुढल्या फाल्गुनात पुन्हा लावावयाचा चुना आपल्या ऋतुचक्राशी महागड्या रंगापेक्षा अधिक इमानी आहे. त्याच्या जोडीला पत्र्याखाली सहा इंच अंतर सोडून बांबूच्या तट्ट्या बांधल्या आणि मधली तापलेली हवा वरच्या टोकाने बाहेर जाऊ दिली, तर दुपारचा ताप पुष्कळ उतरतो. ज्यांच्याकडे स्लॅब आहे त्यांनी विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि वर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी करावी. कारखान्यांविषयीच्या १९४८ च्या कायद्याचे तेरावे कलमही हेच सुचवीत असे: आतले तापमान शक्य तितके कमी राहील अशा वस्तूंच्या आणि अशा रचनेच्या भिंती व छप्पर असावेत, असे ते म्हणत असे, जमिनीचा उल्लेख त्यात नव्हता. तिचा विचार त्या कायद्याने मजबुती, स्वच्छता आणि निचरा एवढ्याच अंगांनी केला होता, आणि आमच्या मते तो विचार खानदेशाला चपखल बसतो.

याला अपवाद आहेत, आणि ते सांगितल्यावाचून हा आढावा एकांगी ठरेल. रावेर, यावल, सावदा या केळीच्या पट्ट्यात जी शीतगृहे आणि केळी पिकविण्याच्या खोल्या उभ्या राहिल्या आहेत, तेथे आतले तापमान तेरा-चौदा ते अठरा अंशांच्या दरम्यान बारा महिने राखावे लागते. अशा खोलीच्या दृष्टीने २७ अंशांची भुई ही अखंड पेटलेली मंद चूल आहे, आणि तेथे जमिनीखाली घट्ट प्रतीचा रोधक तक्ता, वरून व खालून ओलीपासून झाकून, घातलाच पाहिजे. तो वाचविणारा मालक दर महिन्याच्या वीजबिलात त्याची किंमत पुन्हा पुन्हा भरतो. वातानुकूलित प्रयोगशाळा आणि ऊतिसंवर्धित रोपांच्या वाढखोल्या यांना हाच न्याय लागू. दुसरा अपवाद गटारावर किंवा लोखंडी पायांवर अधांतरी उभ्या केलेल्या टपऱ्यांचा. त्यांच्या पत्र्याच्या तळाखाली माती नसून हवा असते, म्हणून तेथे तळाला फळी आणि फळीखाली रोधक हे दोन्ही उपयोगी पडतात.

राहता राहिली खर्चाच्या क्रमाची बाब. नवी शेड बांधणाराने मुरूम, प्लॅस्टिकचा कागद आणि जोत्याभोवतीची पट्टी यांत काटकसर करू नये, कारण ही कामे मागाहून होत नाहीत. जुन्या शेडच्या मालकाने जमीन उकरण्याचा विचार सोडून आधी शटरची फट आणि छपराचा चुना एवढे उरकावे. ते एका सुटीच्या दिवसात, दोन माणसांच्या मजुरीत होते. त्यानंतरही पौषात पाय गारठले, तर फळ्यांचे मचाण आहेच. थर्माकोलची पाळी यांच्या मागून येते, आणि बहुधा येतच नाही.

एक तजवीज मात्र व्यक्तीच्या आवाक्यातली नाही. जळगावच्या विद्यापीठाला स्थापन होऊन तीन दशकांहून अधिक काळ लोटला, १९९६ पासून तेथे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे, आणि धुळ्यातही अभियांत्रिकीचे शिक्षण मिळते. या संस्थांतील विद्यार्थ्यांनी जळगावच्या वसाहतीतील एक शेड आणि धुळ्यातील एक मागघर निवडून, जमिनीच्या पृष्ठभागावर, एक फुटावर आणि तीन फुटांवर तापमापक बसवून, चैत्र ते फाल्गुन अशी वर्षभराची नोंद करावी, छप्पर पांढरे करण्यापूर्वीचे व नंतरचे आकडे शेजारी शेजारी मांडावेत, आणि हा तक्ता कारखानदारांना वाचता येईल अशा मराठीत छापून औद्योगिक वसाहतीच्या कचेरीत लावावा, अशी आमची त्यांना आग्रहाची विनंती आहे.